टोरांटोचं हॉकी हॉल ऑफ फेम: माँट्रियलच्या टीमसाठी तरी जाच

टोरांटोला कुणाकडे आला असाल आणि नायगारा, सीएन टॉवर उरकून अर्धा दिवस हाताशी असेल तर हे म्युझियम चुकवू नका, आईस हॉकीतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. पोरांसाठी गेम्स वगैरे आहेत, ती तिथे रमतात, पण मोठ्यांनी बघायचं ते माँट्रियल कॅनेडियन्सचं. १९०९ ची टीम, म्हणजे एनएचएलपेक्षाही (उत्तर अमेरिकेतली आईस हॉकीची मोठी लीग) ८ वर्षांनी जुनी, आणि नावावर २४ स्टॅनली कप, म्हणजे या लीगच्या विजेत्याला मिळणारा चषक, एवढे दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.

त्यांच्या जुन्या फोरम स्टेडियममधली ड्रेसिंग रूम इथे हुबेहूब उभी केलीय. मॉरिस रिशार याच टीमचा, एका सीझनमध्ये ५० मॅचमध्ये ५० गोल मारणारा पहिला प्लेअर (१९४४-४५). मार्च १९५५ मध्ये मारामारीवरून लीगच्या अध्यक्षाने त्याला उरलेल्या सीझनला बसवलं आणि वर दुसऱ्याच दिवशी स्वतः फोरममध्ये मॅच बघायला हजर, मग काय, पब्लिक असं भडकलं की मॅच अर्ध्यातच बंद आणि बाहेर रस्त्यावर तोडफोड. रिशार माँट्रियलच्या फ्रेंच बोलणाऱ्यांचा लाडका आणि लीग चालवणारे इंग्रजीवाले, राग नुसत्या खेळाचा नव्हताच हो.

मला सगळ्यात भारी वाटली ती तिजोरी. एक भाग १८८५ च्या जुन्या बँकेच्या इमारतीत आहे, वर रंगीत काचांचा घुमट, आणि बँकेच्या तिजोरीत कपचं मूळचं १८९२ चं वाडगं. कपवर विजेत्या टीम आणि प्लेअर्सची नावं पट्ट्यांवर कोरतात, एका पट्ट्यावर १३ टीम मावतात, जागा संपली की सगळ्यात वरचा पट्टा काढून इथे आणतात. १९५४ ते ६५ चा पट्टा २०१८ मध्ये निघाला, त्यातच कॅनेडियन्सचे १९५६ ते ६० असे सलग ५ कप आहेत. त्यांचा गोलकीपर जॅक प्लांट याचं नाव या पाचही वर्षी वेगळ्या स्पेलिंगने कोरलंय! ज्याने १९५९ मध्ये न्यूयॉर्कला तोंडावर पक (खेळायची रबरी चकती) बसल्यावर टाके घालून घेतले आणि कोचला पसंत नसताना मास्क लावून परत उभा राहिला, त्याच्या नावाची ही गत, बघून खरंच वाईट वाटलं.

टीमला देतात तो कप कधीकधी बाहेर फिरतीवर असतो, तेव्हा तिथे प्रतिकृती ठेवतात, त्यामुळे आधी विचारून जा. युनियन स्टेशनवरून आतल्या आतच चालत येता येतं, थंडीत आईवडिलांना घेऊन यायलाही सोपं.