बेबी शॉवरच्या आयोजनात फसले. पैशांपेक्षा पाहुण्यांची यादी महागात पडली

धाकट्या बहिणीचा बेबी शॉवर करायचा होता आणि तोही तिला कळू न देता. माझ्या फसवणुकीचं मूळ या गुपितात आहे, असं मला आता वाटतं. एरवी घरात साधा पंखा घ्यायचा तरी मी चार जणांना विचारते. इथे बातमी फुटू नये म्हणून कोणापाशी काही बोलले नाही.

तारीख पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. असे कार्यक्रम बहुधा २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान करतात, कारण तेव्हा पोट दिसायला लागलेलं असतं, पण बाईला उठबस जमते. बहीण विमानाने येणार होती. २८ आठवडे उलटले की बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर बहुतेक ठिकाणी प्रवासच करू देत नाहीत. म्हणून ३१व्या आठवड्यातला शनिवार ठरवला. हे सगळं, तिच्या परतीच्या तिकिटासकट, मी आयोजक बाईंना पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. त्या विचारतच होत्या तशा आपुलकीने: कितवा महिना, पहिलंच का, झोप लागते का. या बाईला तारीख बदलता येणार नाही, हे त्यांनी तिथेच हेरलं असणार.

त्यांनी पाठवलेले सजावटीचे फोटो सुरेख होते. फुग्यांच्या कमानी, पडदे, पाळण्याच्या आकाराची बैठक. एका फोटोत भिंतीवरच्या प्लगची भोकं आमच्याकडच्यासारखी नव्हती. मी ते पाहिलंही होतं, पण विचार केला नाही. नंतर तोच फोटो इंटरनेटवर फोटोनेच शोधला, तर तो परदेशातल्या एका सजावटकाराच्या पानावर निघाला. त्याचं कोपऱ्यातलं नाव पुसून इथे लावला होता. हा शोध घ्यायला मला एक मिनिटही लागलं नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी तेवढं केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

निम्मी रक्कम आगाऊ मागितली. व्यवसायाचं नाव एक आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर. विचारलं तर म्हणाल्या, भावाचं खातं आहे, घरच्या माणसाला पाठवतो तसे पाठवा म्हणजे तुमचं शुल्क वाचेल. मला ते माझ्या फायद्याचंच वाटलं. पण ज्या सेवांमध्ये खरेदी करणाऱ्याला संरक्षण मिळतं, तिथे ते खरेदी म्हणून दिलेल्या पैशांना मिळतं, घरच्या माणसाला पाठवलेल्या पैशांना सहसा नाही. शुल्काच्या बचतीपायी मी तो आधारच सोडून दिला.

हॉलचं बुकिंग झाल्याची पावती आली. मी अगदी बिनडोकपणे वागले असं नाही, हॉलला फोन करून खात्री केली. फक्त नंबर पावतीवरचा घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘हो ताई, शनिवार तुमच्याच नावावर आहे.’ कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी प्रत्यक्ष हॉलवर गेले तेव्हा तिथल्या वहीत माझं नाव नव्हतं, आणि पावतीवरचा नंबरही त्यांचा नव्हता. खात्री करायची तर नंबर आपण स्वतः शोधून काढलेला हवा.

तिथूनच त्या बाईंना फोन लावला. जराही न गडबडता म्हणाल्या, ‘हॉलवाल्यांचा गोंधळ आहे, मी तुमचे पैसे परत करते, कोड पाठवते तो स्कॅन करा.’ डोकं सुन्न झालं होतं. स्कॅन केला, पिन टाकला आणि खात्यातून आणखी तेवढीच रक्कम गेली. पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही, हे मला माहीत होतं. घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

बँकेला लगेच कळवलं, व्यवहारांचे क्रमांक आणि सगळे संदेश जपून पोलिसांत तक्रार दिली. कार्यक्रम आमच्याच बैठकीच्या खोलीत झाला. बहिणीला काही कळलं नाही, ती खूश होती. मला वाटलं, संपलं.

पण निमंत्रणं पाठवायला आणि कोण येणार याची नोंद ठेवायला म्हणून मी त्यांना पाहुण्यांची पूर्ण यादी दिली होती. नावं, फोन नंबर, कोण कोणाचं काय लागतं तेही. कार्यक्रमानंतर आठवड्याने एका मैत्रिणीने विचारलं, ‘एकत्र भेटवस्तूचे पैसे पोचले ना?’ निमंत्रणाचंच चित्र वापरून, माझ्या नावाने, बाळाच्या कारसीटसाठी वर्गणी मागणारा संदेश यादीतल्या सगळ्यांना गेला होता. शेवटी लिहिलं होतं, बहिणीला कळू देऊ नका, सरप्राइज आहे. त्यामुळे माझ्यासारखंच कोणीही कोणाला विचारलं नाही. नऊ जणांनी पैसे भरले होते.

तुम्ही कोणाकडूनही असा कार्यक्रम करून घेत असाल, तर यादी स्वतःजवळ ठेवा. निमंत्रणं स्वतः पाठवा, आयोजकाला फक्त माणसांचा आकडा सांगा. सजावट करणाऱ्याला आणि हॉलवाल्याला त्यापलीकडे काही लागत नाही. गुपित बहिणीपासून ठेवा, पण घरातल्या एका तरी माणसाला प्रत्येक पावती, प्रत्येक खातं दाखवा.

मी त्या नऊ जणांना एकेक करून फोन केले. बहुतेकांनी समजून घेतलं, दोघांचा सूर अजून तुटक आहे. शेवटचा फोन मावशीला. ती एकटी राहते, मोजून खर्च करते. मी पैसे परत पाठवते म्हटलं तर नको म्हणाली. तिने संदेशात मागितल्याच्या दुप्पट भरले होते. का, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘तू कधी कोणापुढे हात पसरत नाहीस. या वेळी मागितलेस, म्हणजे फारच ओढाताण होत असेल असं वाटलं गं.’