केएक्स १५५ एक ठेवला, एक काढून जीएनसी २५५ बसवला : रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असाल तर एवढंच वाचा. विमानातले दोन्ही जुने रेडिओ (आमचे केएक्स १५५) एकदम फेकू नका, धडधाकट असलेला ठेवा, एक नवा घ्या (आम्ही गार्मिनचा जीएनसी २५५ घेतला), आणि हे सगळं करायच्या आधी अँटेनापर्यंतची केबल तपासून घ्या. रेडिओ म्हातारा असला की विमानातल्या प्रत्येक खरखरीचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं.

आमच्या सेसना १७२ च्या पॅनलमध्ये दोन केएक्स १५५ होते. १९८० च्या दशकातलं डिझाइन, ७६० कॉम (बोलायचे) चॅनल, २०० नॅव्ह (दिशा शोधायचे) चॅनल, १० वॉटचा ट्रान्समीटर, आणि आवाजाच्या बाबतीत आजही कुणाला हार जाणार नाही. फ्रिक्वेन्सी बदलायचं छोटं बटण आत असेल तर ५० किलोहर्ट्झच्या उड्या, बाहेर ओढलं की २५ च्या, व्हॉल्यूमचं बटण ओढलं की स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर दाबणारी सोय) उघडतो, बोलताना चालू आणि स्टँडबाय (राखीव) अशा दोन फ्रिक्वेन्सींच्या मधे ट्रान्समिटचा 'टी' पेटतो, संपलं. मेनू नाही की काही नाही. हवेत गचके बसत असताना याची किंमत कळते.

आता तक्रार काय होती तर दोन नंबरच्या रेडिओवरून जवळ असताना सगळं ठीक आणि जरा लांब गेलं की टॉवर म्हणणार परत सांगा, तुटक येतंय. ज्या वर्कशॉपला आधी दाखवलं (नाव घेत नाही) त्यांनी पॅनलकडे नुसतं बघितलं आणि दोन्ही बदला म्हणून कोटेशनच हातात ठेवलं. मीटर लावणं सोडा, एक स्क्रूसुद्धा काढला नाही हो. दुसरीकडच्या वयस्कर टेक्निशियनने काय केलं, समोरच्या भोकातून ॲलन की घालून स्क्रू सैल केले, दोन्ही रेडिओ ड्रॉवरसारखे बाहेर ओढले आणि एकमेकांच्या ट्रेमध्ये सरकवले. रेडिओ फिरले पण बिघाड दोन नंबरच्या ट्रेलाच चिकटून राहिला. 'टी' पेटत होता म्हणजे पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) शाबूत. मग एसडब्ल्यूआर मोजला तर तो भलताच वर, म्हणजे पॉवर अँटेनातून बाहेर जायच्या ऐवजी बरीचशी परत फिरत होती. अँटेनाच्या बुडाशी बीएनसी कनेक्टर उघडला, आत केबलची जाळी हिरवी पडलेली, बोटाने चोळली तर भुगा. जुनी आरजी ५८ केबल काढून आरजी ४०० टाकली, तिला चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळी आणि आत टेफ्लॉन असतं. बास, आवाज खणखणीत. रेडिओचं झाकणसुद्धा उघडलं नाही. या माणसाला पाच स्टार, त्यावर सहावा असेल तर तोही.

मग नवा घेतलाच कशाला? एक म्हणजे डिस्प्ले. या जुन्या रेडिओंमधले गॅस डिस्चार्ज डिस्प्ले जास्त व्होल्टेजवर चालतात आणि वयाबरोबर मंद होत जातात, पॉवर सप्लाय दुरुस्त होतो पण चांगला डिस्प्ले मिळवायचा म्हणजे बहुतेक वेळा दुसरा मेलेला रेडिओ शोधत बसायचं. दुसरं म्हणजे दोन चॅनलमधलं ८.३३ किलोहर्ट्झचं अंतर. ११८ पासून १३६.९७५ मेगाहर्ट्झपर्यंत २५ च्या अंतराने ७६० चॅनल बसतात, ८.३३ ने २२८०. युरोपात २०१८ पासून खालच्या हवाई क्षेत्रातही असे रेडिओ सक्तीचे झालेत आणि केएक्स १५५ तिथे काही करू शकत नाही.

जीएनसी २५५ मधलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे स्टँडबाय फ्रिक्वेन्सी ऐकता येते, टॉवरवर राहून मागे एटिस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली हवामान वगैरे माहिती) ऐकायचं आणि टॉवर बोलला की तो आपोआप पुढे. फ्रिक्वेन्सी टाकली की स्टेशनचं नावही दिसतं. अदलाबदलीचं बटण दाबून धरलं की थेट १२१.५, म्हणजे आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. आमचं विमान २८ व्होल्टचं म्हणून १६ वॉटवाला घेता आला, १४ व्होल्टवाल्यांनी १० वॉटचाच बघायचा. व्हीओआरचा (दिशा सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनचा) रेडियल, म्हणजे स्टेशनपासून आपण कुठल्या दिशेला आहोत ते, स्क्रीनवरच आकड्यात येतो, त्यामुळे जुन्या रेडिओशी ताडून बघायला मजा येते (अमेरिकन नियमात दोन व्हीओआर रिसीव्हरमधला फरक ४ अंशांपर्यंत चालतो, त्यासाठी तरी दुसरा सेट हवाच ना).

न आवडलेलं : बरंचसं काम मेनूत दडलंय, जमिनीवर बसून शिकून घ्या, हवेत नको. आणि हा जुन्या ट्रेमध्ये सरकत नाही. नवा ट्रे, नवे कनेक्टर, ऑडिओ पॅनलपर्यंत नवी वायरिंग, म्हणजे रेडिओपेक्षा मजुरीचाच विचार आधी करायचा. उंचीलाही हा १.६५ इंच आणि जुना २.०५, त्यामुळे पॅनलमध्ये सेंटिमीटरभर फट राहते, तिथे पट्टी लावून घ्यावी लागली, जवळून बघितलं तर कळतं. जुना सीडीआय (ठरलेल्या मार्गापासून किती बाजूला गेलो ते सुईने दाखवणारं यंत्र) नव्या रेडिओशी जुळतो का हेही आधीच विचारून ठेवा. वजन आणि बॅलन्सचा नवा कागद, लॉगबुकातली नोंद आणि वायरिंगचं डायग्राम हातात पडल्याशिवाय विमान ताब्यात घेऊ नका, डायग्राम नसेल तर पुढचा मेकॅनिक प्रत्येक वायर हाताने शोधत बसतो आणि त्याचे तास तुमच्याच बिलात.

बसवणाऱ्यांचा एक स्टार कापतोय. पहिल्याच उड्डाणात हेडसेटमध्ये शिट्टी, थ्रॉटल पुढे केला की तीही चढणार. अल्टरनेटरचा आवाज आत येत होता, कारण काम करताना हेडसेटच्या जॅकखालचा इन्सुलेशनचा वॉशर परत लावलाच नव्हता आणि जॅक थेट पॅनलच्या पत्र्याला टेकला होता. सांगितल्यावर लगेच आले, वॉशर लावला, शिट्टी बंद, पैसे मागितले नाहीत. म्हणून एकच कापला.