बारा वर्षांचा डेस्कटॉप आणि नवा एसएमपीएस : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात, आमच्या गावी, मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे लहानसे केंद्र चालवतो. तेथील डेस्कटॉप २०१३ मध्ये घेतलेला असून त्यात दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि चार जीबी रॅम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो नीट चालू होईनासा झाला. दोन ठिकाणी दाखवला, तेव्हा एकाने विंडोज खराब झाल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवीनच संगणक घेण्याचा सल्ला दिला. दोन्ही निदाने चुकीची ठरली. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाच्या भागांना लागेल त्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारी पेटी, बदलण्यासह दोन हजार रुपयांच्या आत तो दुरुस्त झाला आणि आज अकरा महिने रोज सात-आठ तास चालतो आहे. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, बिघाड एक नव्हता, दोन होते, आणि ते एकमेकांत इतके मिसळले होते की कोणताही एक दुरुस्त केला तरी काहीच सुधारले नाही असे वाटत असे.

लक्षणे अशी होती. सकाळी बटण दाबले की पंखा क्षणभर फिरून थांबत असे, पुन्हा आपोआप फिरत असे, आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नात स्क्रीन उजळत असे. मग तारीख चुकल्याची सूचना येऊन एफ-वन दाबण्यास सांगितले जाई. ते दाबल्यावर विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येई, तीवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द दिसत आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दुपारी मात्र बटण दाबताच पंखा नीट फिरत असे. सकाळ आणि दुपार यांतील हा फरक मी दोन्ही ठिकाणी सांगितला होता, परंतु त्याकडे कोणीही लक्ष दिले नाही.

सुरुवात मी मदरबोर्डवरील, तारीख आणि सेटिंग सांभाळणाऱ्या नाण्याएवढ्या सेलपासून केली. सीआर २०३२ जातीचा हा सेल तीन व्होल्टचा असतो. गावात मोटारी बांधून देणाऱ्या भाऊंकडून मल्टीमीटर आणून मोजले, तेव्हा २.२ व्होल्ट भरले. संगणकाला भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत या सेलवर भार जवळजवळ नसतो, तो खर्च होतो स्विच बंद असताना. विजांच्या भीतीने आम्ही रोज संध्याकाळी स्विच बंद करून प्लग काढून ठेवतो, शिवाय लोडशेडिंग असतेच, त्यामुळे आमच्याकडे हा सेल लवकर उतरतो. विजेपासून संगणक वाचवण्याची ही सवय मी सोडणार नाही, मात्र सेल दर तीन वर्षांनी न विचारता बदलायचा असे ठरवले आहे.

नवा सेल बसवून तारीख लावली, तरीही निळी स्क्रीन गेली नाही. त्याचे कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले. सेल उतरला की बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅममधील, सर्व सेटिंग मूळ स्थितीला जातात. आयडीई आणि एएचसीआय या संगणकाने डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. माझ्या बोर्डावर हार्ड डिस्कची मूळ सेटिंग आयडीई होती आणि विंडोज मात्र एएचसीआय पद्धतीवर बसवलेले होते. पद्धत बदलल्यावर विंडोज ज्या ड्रायव्हरच्या भरवशावर डिस्क वाचते तो तिला लागू पडत नाही, म्हणून डिस्क धडधाकट असूनही ती सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन पुन्हा एएचसीआय निवडले आणि विंडोज एकाही फाइलचे नुकसान न होता सुरू झाले. पहिल्या दुकानात सांगितल्याप्रमाणे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले असते, तर तीन वर्षांच्या अर्जांच्या पावत्या गेल्या असत्या.

सकाळचा त्रास अजून उरलाच होता. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे पिवळे दात खोडरबराने स्वच्छ केले. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असतो आणि त्याचे तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखे बसले होते, तेही ब्रशने काढले. नंतर रॅम मुद्दाम पूर्ण काढून संगणक सुरू केला. बोर्डाला लहानसा स्पीकर जोडलेला असेल, तर अशा वेळी तक्रारीचे बीप ऐकू येतात. माझ्याकडे ते स्पष्ट आले, याचा अर्थ प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत होते. बोर्ड गेला असे सांगणाऱ्याने एवढी तपासणी करायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

मग संशय एसएमपीएसवर आला. हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडून पंखा फिरतो का हे पाहण्याची रीत प्रसिद्ध आहे. माझ्याकडे पंखा फिरला, बारा व्होल्टही बरोबर आले, आणि मी फसलो, कारण भार नसताना थकलेला एसएमपीएसही चांगला दिसतो. खरे उत्तर जांभळ्या तारेने दिले. संगणक बंद असतानाही या तारेवर पाच व्होल्ट असावे लागतात, कारण बटण दाबल्याचे त्याच विजेवर कळते. पाच टक्क्यांची सूट धरली तर ४.७५ च्या खाली ते जाऊ नयेत. थंडीत सकाळी सात वाजता ४.४ भरले, दुपारी दोन वाजता ४.८. आतील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकले की थंडीत त्यांचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, हे वाचले होते, पण मीटरवर प्रत्यक्ष पाहून खात्री पटली. एसएमपीएस उघडून दुरुस्त करण्याचा मोह कृपया टाळावा. २३० व्होल्टचे एकदिश रूप होताना आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात.

यवतमाळहून सोळाशे रुपयांचा ४५० वॉटचा नवा एसएमपीएस आणला. त्याची प्रोसेसरकडे जाणारी केबल आखूड असल्याने ती पंख्याला घासू नये म्हणून बांधावी लागली, आणि पंख्याचा आवाज जुन्यापेक्षा थोडा जास्त आहे. याखेरीज तक्रार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना आणि जुलैमध्ये पीकविम्याच्या अर्जांची रांग दारापर्यंत असतानाही तो एकदाही अडला नाही.

एक काम मी सोबतच केले, तेही सांगितले पाहिजे. कॅबिनेटला हात लावला की हलका झटका बसत असे. एसएमपीएसमधील फिल्टर थोडी वीज धातूच्या पेटीकडे सोडतो, ती अर्थिंगने जमिनीत जावी लागते. आमची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पाइपभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतेच उरते. मीठ-कोळसा घालून खड्डा नव्याने भरून घेतला आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्यात पाणी ओतले. झटका बंद झाला.

फेब्रुवारीत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. तिने वेग पुष्कळ वाढला, परंतु तिचा चालू न होण्याच्या बिघाडाशी संबंध नव्हता, म्हणून ती आधी घेऊ नये. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तेव्हा पुढे लिनक्सचा विचार करावा लागेल. यंत्र मात्र त्यासाठी तयार आहे. या नोव्हेंबरात थंडी पुन्हा पडू लागली आहे आणि गेल्या आठवड्यात सकाळी सात वाजता, गेल्या वर्षी मोजले होते त्याच वेळी, मी जांभळी तार पुन्हा मोजली. ५.०४ व्होल्ट भरले, आणि पहिल्याच दाबाला स्क्रीन उजळली.