नुसतं लायसन्स की सोबत आयडीपी?

कोपरखैरण्याची माझी बहीण मे महिन्यात जपानला निघाली आहे. तिचा पहिला प्रश्न: "आपलं एमएच ४३ चं लायसन्स इंग्रजीतच आहे ना, मग तिथे गाडी चालवायला आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) कशाला?"

इंग्लंडला जात असती तर मीही हेच म्हटलं असतं. तिथे पाहुण्याला वैध भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत साधी कार चालवता येते. खर्च शून्य, आरटीओची फेरी नाही.

जपानचं गणित वेगळं. तिथे आपल्याला रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेली आयडीपीच चालते. भारत त्या करारात आहे, म्हणून आपली आयडीपी तिथे ग्राह्य धरली जाते. नुसतं लायसन्स मात्र नाही. इटलीतही लायसन्ससोबत आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं.

आयडीपी म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे. फोटो लावलेली छोटी पुस्तिका, आत तीच माहिती अनेक भाषांत. त्यामुळे मूळ कार्ड घरी ठेवून निघालात तर पुस्तिकेचा उपयोग नाही. ती काढायला लागतं काय? फॉर्म ४ए, पासपोर्ट आणि १,००० रुपये. अर्ज 'परिवहन' पोर्टलवर होतो. मुदत एक वर्ष, पण लायसन्स आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. बहिणीच्या कार्डावरची तारीख मी म्हणूनच आधी बघितली.

मला विचाराल तर इंग्लंडलाही काढूनच जा. भाड्याची गाडी देणाऱ्या कंपन्यांचे नियम देशाच्या कायद्याहून कडक असू शकतात. बुकिंग करतानाच त्यांच्या अटी नीट वाचा.