शिमानो एमटी २०० ब्रेक : कणकुंबीच्या चिखलात आणि जांभ्याच्या उतारावर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गिअर कमी पडला तर माणूस उतरून सायकल ढकलतो. ब्रेक कमी पडला तर करवंदीच्या जाळीत जातो. तरी दुकानात घासाघीस चालते ती गिअर एकवीस की चोवीस यावर, आणि ब्रेकबद्दल ‘डिस्क आहे’ एवढ्यावर गिऱ्हाईक समाधान मानतं. ती डिस्क बहुतेक वेळा केबलवर चालणारी असते. बेळगाव शहरात आणि अनगोळ-येळ्ळूर भागात ती चालून जाते. जांबोटीच्या पुढे, पावसाळ्यात, तिचं खरं रूप दिसतं : केबलच्या आवरणात तांबडं पाणी शिरतं, आतली तार गंजते, लिव्हर जड होते आणि डिस्कला घासणारा पॅड झिजेल तसा दर काही किलोमीटरला हाताने फिरवून पुढे घ्यावा लागतो.

शिमानोचा एमटी २०० हा त्यावरचा सगळ्यात स्वस्तातला भरवशाचा उपाय आहे. दोन पिस्टनचा, साधा हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे केबलऐवजी पाइपातल्या मिनरल ऑइलच्या दाबाने पिस्टन पॅड पुढे ढकलतात. वरच्या श्रेणीतल्या डिओर एम६१०० ला असणारी सर्व्हो वेव्ह रचना याला नाही, म्हणजे लिव्हर दाबताना सुरुवातीला पॅड झपाट्याने पुढे येऊन नंतर जोर वाढण्याचा प्रकार इथे नाही. जेवढं दाबाल तेवढंच, सरळ हिशेबात. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर हे उलट बरंच वाटतं, कारण पुढचं चाक अचानक अडकत नाही आणि सुटण्याच्या आधी बोटाला कळतं. लिव्हर मात्र लांब आहे. ती मुठीजवळ बसवली तर दोन-तीन बोटं लागतात. आतल्या बाजूला, हँडलच्या मध्याकडे सरकवून तिच्या टोकावर एकच बोट येईल अशी बसवली, तर खाली उतरताना उरलेल्या बोटांची पकड सुटत नाही.

विकत घेण्याआधी आपल्या सायकलवर दोन गोष्टी बघा. पहिली, गिअरची कळ आणि ब्रेकची लिव्हर एकाच तुकड्यात आहे का. शिमानोच्या ईझी फायर जोड-लिव्हरमध्ये (ईएफ४१, ईएफ५०० वगैरे) दोन्ही एकत्र असतात. अशा सायकलला एमटी २०० लावायचा तर जुनी जोड-लिव्हर काढून गिअरचे सुटे शिफ्टरही घ्यावे लागतात. ब्रेकचा खर्च धरून बसलेल्याला हा दुसरा खर्च दुकानात पोचल्यावर कळतो आणि मग वाद होतो. दुसरी गोष्ट कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन असलेला भाग, बसण्याच्या जागेची. एमटी २०० पोस्ट माउंट आहे, म्हणजे त्याचे बोल्ट फ्रेमच्या दिशेने सरळ आत जातात. फ्रेम किंवा फोर्क आयएस माउंटचा (बोल्ट बाजूने जाणारा) असेल तर मध्ये अडॅप्टर लागतो. १६० मिलिमीटर व्यासाऐवजी १८० ची रोटर (चाकासोबत फिरणारी डिस्क) घालायची असली तरीही अडॅप्टर वेगळा.

तिसरी बाब लहान वाटते, पण जीवावर बेतते. आपल्याकडे सायकल असो की मोटरसायकल, उजव्या हाताला पुढचा ब्रेक ही सवय असते. बाहेरच्या बाजारासाठी जुळवलेल्या संचात पुढचा ब्रेक डाव्या लिव्हरला जोडलेला असू शकतो. संच कारखान्यातूनच ऑइल भरून, पाइप जोडून येतो. बाजू बदलायची म्हणजे पाइप सोडून पुन्हा जोडणं आणि आतली हवा काढणं आलंच. तेव्हा खोक्यावरचं वाचून, उजव्या लिव्हरला कमी लांबीचा पाइप आहे ना हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. पाइप कापावा लागला तर जोडाचं ऑलिव्ह (पाइप आवळून धरणारी कडी) आणि आतली इन्सर्ट (पाइपाच्या तोंडात बसणारी नळी) नवी घाला, आणि ती बीएच५९ या पाइपाच्या जातीचीच. वरच्या ब्रेकांना लागणारी बीएच९० ची दिसायला तशीच असते, पण ती इथे चालत नाही.

बसवण्यात कठीण काही नाही. सहा बोल्टची रोटर असेल तर बोल्ट टी-२५ च्या चावीने, समोरासमोरचे आळीपाळीने, २ ते ४ न्यूटन-मीटरमध्ये आवळायचे. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले ठेवायचे, चाक जागेवर बसवायचं, लिव्हर घट्ट दाबून धरायची आणि त्याच अवस्थेत ५ मिलिमीटरच्या एलन कीने दोन्ही बोल्ट थोडे थोडे करून ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. घासल्याचा आवाज राहिला तर कॅलिपरच्या फटीतून पलीकडचा उजेड बघायचा. दोन्ही बाजूंना सारखी फट दिसेपर्यंत बोल्ट सैल करून हाताने सरकवायचं.

इथे बरेच जण थांबतात आणि पहिल्याच रविवारी चोर्ला घाटात जातात. नवे पॅड आणि नवी रोटर एकमेकांना रुळलेली नसतात, तेव्हा ब्रेक निम्म्यानेही लागत नाही. बेळगाव कॅम्पातल्या एखाद्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर सायकल वीसेक किलोमीटर वेगाला न्यायची, चाक अडकू न देता चालण्याच्या वेगापर्यंत आणायची आणि सोडायची. एका चाकाला असं वीस वेळा, मग दुसऱ्या चाकाला. दहाव्या-बाराव्या वेळेपासून फरक बोटाला जाणवतो. हे न करता थेट मोठ्या उतारावर गेलं की पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, आणि मग ‘शिमानो घेऊनही ब्रेक लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आता चिखलाचं. कणकुंबी, आमटे, जांबोटी या पट्ट्यात जमीन जांभ्याची. वरून मऊ तांबडी माती दिसते, पण तिच्यात लोहाचे कडक कण असतात. पाण्यात मिसळून ती पॅड आणि रोटर यांच्यामध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. एमटी २०० सोबत येणारे पॅड रेझिनचे (राळेत बांधलेल्या मऊ मिश्रणाचे) असतात, आणि रेझिन या मातीपुढे लवकर हार मानतं. जून ते सप्टेंबरात लांब उताराच्या एका ओल्या दिवसात पॅडचा मोठा भाग जाऊ शकतो. रोपलावणीच्या दिवसांत तर ट्रॅक्टरच्या केजव्हीलमधून पडलेला चिखल डांबरी रस्त्यावरही पसरलेला असतो, त्यामुळे ‘आम्ही रस्त्यानेच गेलो’ ही सबब चालत नाही. पॅडवरचा घासणारा थर ०.५ मिलिमीटर उरला की तो बदलायचाच. त्याखाली गेलं की धातूची पट्टी रोटरला लागते, आणि शंभरच्या वस्तूपायी हजाराची वस्तू खरवडली जाते. रोटर नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की तिचंही आयुष्य संपलं. मोजायला व्हर्नियर कॅलिपर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरकडे मिळेल.

यावर धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड हा उपाय लोक सुचवतात. उपाय बरोबर आहे, पण अर्धवट. एमटी २०० च्या जोडीला बहुधा आरटी२६ किंवा तशाच स्वस्त रोटर असतात आणि त्यांच्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. ते शोभेचं नाही. त्या रोटरचं पोलाद मऊ असतं; धातूचा पॅड तिला काही दिवसांत खातो. पावसाळी फिरायचंच असेल तर आधी आरटी६६ सारखी, दोन्ही प्रकारचे पॅड चालणारी रोटर घ्यावी आणि मग बी०१एस आकाराचे सिंटर्ड पॅड. ते चिखलात टिकतात, ओले असतानाही पकडतात. बदल्यात आवाज जास्त करतात आणि उष्णता कॅलिपरकडे जास्त पाठवतात. ऑक्टोबर ते मे मध्ये फिरणाऱ्याने रेझिनवरच राहावं. बी०१एस, बी०३एस, बी०५एस यांपैकी जे मिळेल ते याला बसतं.

किंचाळण्याबद्दल थोडं. पहाटेच्या धुक्यात पहिल्या दोन-चार दाबांना ब्रेक ओरडतो, त्यात बिघाड काही नाही. रोटरवरचं पाणी गेलं की गप्प होतो. वाटेत गवे असतील तर हा आवाज उपयोगाचा असं कुणी कुणी गमतीने म्हणतात. त्या कामाला साधी घंटी बरी. कोरड्यातही किंचाळत असेल तर मात्र तेल लागलंय. चेनवर मारलेल्या स्प्रेचा तुषार रोटरवर उडणं हे याचं नेहमीचं कारण. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, औषधाच्या दुकानात मिळतं. हातावर घ्यायचा सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर रोटरवर राहतो. पॅड चकाकत असेल तर सपाट जागेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलक्या हाताने घासून वरचा थर काढायचा, आणि रुळवण्याची ती वीस वेळची कसरत पुन्हा करायची. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासूनही उपयोग नाही, टाकून द्या. गॅसवर भाजण्याचा उद्योग करू नका.

सगळ्यात जास्त एमटी २०० मरतात ते मात्र चिखलाने नाही, चुकीच्या ऑइलने. लिव्हर हँडलला टेकायला लागली की माणूस जवळच्या मोटरसायकल गॅरेजात जातो, आणि तिथला मेकॅनिक चांगल्या मनाने डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड ओततो. मोटरसायकलला तेच लागतं. एमटी २०० चे रबरी सील मात्र मिनरल ऑइलसाठी बनवलेले असतात. डॉट फ्लुइडने ते फुगतात, मऊ पडतात आणि मग लिव्हर किंवा पिस्टन परत येईनासा होतो. नंतर कितीही धुतलं तरी ब्रेक वाचत नाही. दुसरं टोक बेळगावचं खास. ज्या गावात हायड्रॉलिक सिलिंडर आणि पंप बनतात, तिथे हायड्रॉलिक ऑइलला काय तोटा? पण कारखान्यातलं ४६ किंवा ६८ ग्रेडचं ऑइल मिनरल असलं तरी दाट असतं. या बारीक पाइपात ते सुस्त चालतं आणि लिव्हर सावकाश परतते. शिमानोचं लाल मिनरल ऑइल छोट्या बाटलीत येतं, आणि दोन ब्रेकांना त्यातलं थोडंसंच लागतं. यात काटकसर करू नये.

हवा काढताना क्रम असा. चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये पिवळा ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागे धरून ठेवणारा ठोकळा) घालायचा. लिव्हर जमिनीला समांतर करून तिच्या वरच्या स्क्रूच्या जागी फनेल बसवायचं. कॅलिपरच्या निपलला (तेल आत-बाहेर करण्याच्या झडपेला) सिरिंज जोडून निपल पाव-अर्धा फेरा सैल करायची आणि ऑइल खालून वर ढकलायचं. फनेलमध्ये बुडबुडे येणं थांबलं की निपल बंद. मग लिव्हर वरखाली थोडी तिरकी करून हळूहळू दाबत राहायचं, पाइपला बोटाने टिचक्या मारायच्या. चिकटलेले बुडबुडे सुटतात. फनेल काढण्याआधी त्याचं तोंड बुचाने बंद करायला विसरू नका. आणि हे सगळं करताना पॅड दुसऱ्या खोलीत ठेवा.

सायकल उलटी करून पंक्चर काढली, किंवा बसच्या टपावर आडवी टाकून आणली, की लिव्हर मऊ लागते. हे लगेच हवा काढण्याचं कारण नाही. लिव्हरच्या टाकीतला छोटा बुडबुडा पाइपात उतरलेला असतो. सायकल सरळ उभी करून लिव्हर पंधरा-वीस वेळा दाबली की तो बहुधा वर परततो. तरीही मऊच राहिली तर मग हवा काढायला घ्या. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. चिकटलेच तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने अलगद उघडा. स्क्रूड्रायव्हर घातला आणि पिस्टनला ओरखडा गेला की तिथून तेल झिरपणारच.

पिस्टनची साफसफाई हे इथलं नेहमीचं काम आहे. पाऊस सरल्यावर लाल माती पिस्टनच्या कडेला वाळून बसते आणि एक बाजू परत जात नाही; रोटर सतत एका अंगाला घासते. पॅड काढून लिव्हर दोन-तीन वेळा जपून दाबायची, पिस्टन जरासे बाहेर आले की मिनरल ऑइलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने कडा पुसायची आणि पिस्टन मागे ढकलायचे. पंधरा मिनिटांचं काम, महिन्यातून एकदा.

उतार किती झेपतो? येळ्ळूरच्या राजहंसगडाचा उतार, जांबोटीच्या आसपासचे चढउतार, खानापूर-हेमाडगा रस्ता यांना १६० ची रोटर पुरते. चोर्ला वेगळा. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना सह्याद्रीचा माथा सोडून थेट गोव्याच्या सखल भागात येतो, आणि वळणामागून वळण येत राहतं. ब्रेक सतत हलका घासत ठेवला तर रेझिन तापून पकड सोडतं, वास येतो, लिव्हर आत जाते. वळणाआधी जोरात दाबायचं आणि सरळ रस्त्यावर पूर्ण सोडायचं. सोडलेल्या वेळात रोटर वाऱ्याने थंड होते. वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या वर असेल किंवा पाठीमागे सामान बांधलेलं असेल, तर पुढे १८० ची रोटर घालावी. त्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो आणि तापायला लोखंडही जास्त असतं. फोर्क १८० ला चालतो का, ते आधी फोर्क बनवणाऱ्याच्या माहितीत बघा. उड्या, खडकाळ तीव्र उतार, असा छंद असेल तर एमटी २०० चा विषय सोडून चार पिस्टनच्या एमटी५२० कडे वळा.

भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडी, गवळी, कोंगळा या बाजूच्या जंगलवाटा वनखात्याच्या परवानगीशिवाय नाहीत, हेही गृहीत धरा. २०११ पासून ते राखीव अभयारण्य आहे, सायकल म्हणून सूट नाही.

खानापूर सोडलं की पुढे या ब्रेकचे पॅड दुकानात मिळण्याची आशा धरू नका. खिशात एक जोडी पॅड, त्याची स्प्रिंग, ५ ची एलन की आणि पॅड अडकवणाऱ्या स्प्लिट पिनचं टोक वाकवायला छोटी पकड असू द्या. सोबत एक जादा स्प्लिट पिनही ठेवा; जुनी पिन दोनदा वाकवली की तुटते, आणि पिन नसेल तर नवा पॅड असूनही तो जागेवर राहत नाही.