योकोहामा-ए घेताना ६९,२०० येन बुडाले, तुम्ही तरी सावध राहा

लिहायची लाज वाटते, पण मी गप्प बसले तर तो माणूस उद्या आणखी कुणाला तरी गाठेल.

मी तोक्योत निशिकासाईला राहते. १८५९ मध्ये योकोहामा बंदर उघडलं आणि तिथल्या परदेशी लोकांची लाकडी ठशांची चित्रं निघू लागली, ती योकोहामा-ए. गेली चार वर्षं मी ती बघतेय, अधूनमधून घेतेय. नवखी नाही मी.

एका लिलावाच्या ॲपवर योशितोरा या त्या काळच्या चित्रकाराच्या नावाचं चित्र दिसलं. झग्यातली अमेरिकन बाई, वर चौकटीत परकी शब्द, उच्चार काना या जपानी लिपीत. एकेक अक्षर लावत ते शब्द वाचले आणि तिथंच पाघळले. छापण्याआधीच्या सरकारी तपासणीचा गोल शिक्का होता, जपानी पंचांगातल्या कोंबड्याच्या वर्षाचा, म्हणजे १८६१. (शिक्क्यावर जाऊ नका. फोटोवरून छापलं की शिक्काही छापला जातोच.)

मागच्या बाजूचा फोटो मी मागितला होता. मागितला होता! विकणारा म्हणाला, "मागे पुठ्ठा चिकटवलाय, काढला तर कागद फाटेल." तिथंच उठायला हवं होतं. ठशावर कागद ठेवून बारेननं, म्हणजे हातातल्या गोल चपट्या गादीनं, घासून छापतात, त्यामुळे रंग आत मुरतो, पाठीवर उमटतो, घासल्याचे वळसे दिसतात. खरं-खोटं कळतं ते पाठीवर, आणि नेमकी पाठच तो दाखवत नव्हता. मला हे ठाऊक होतं. पण "दुसरं गिऱ्हाईक आहे, रात्री नऊपर्यंत सांगा, ॲपबाहेर स्वस्तात देतो" म्हटल्यावर ६८,००० येन आणि टपालाचे १,२०० त्याच्या खात्यात भरले. अशा घाईत भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. ॲपबाहेर एक येनही देऊ नका.

पार्सल आलं, पुठ्ठा नव्हताच. पाठ पांढरीफटक. जिम्बोचोत, तोक्योतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, एका दुकानात नेलं, तिथल्या आजोबांनी भिंग माझ्याच हातात दिलं. बाईच्या गालावर बारीक ठिपके, गुलाबी, पिवळे, निळे. ठशाचा रंग असा ठिपक्याठिपक्यांचा नसतो. संग्रहालयं मोठ्या आकारातली चित्रं फुकट उतरवू देतात, तिथूनच उचललं असणार. भिंग घ्या आधी, चित्र नंतर.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, आम्ही त्यात पडत नाही. बँक म्हणाली, पोलिसांकडच्या तक्रारीचा नंबर आणा. परत चौकीत गेले. "अस्सल असल्याचं त्यांनी लिहून दिलंय?" दिलंय, हा घ्या स्क्रीनशॉट. "जपून ठेवा." जपून ठेवून काय करू? ॲपवाल्यांनी तर, व्यवहार बाहेर झाला, एवढ्या एका ओळीत हात झटकले. तीन खेपा झाल्या, दोन रजा गेल्या, तक्रार घेतल्याचा चिठोराही कुणी दिला नाही. मला जपानी येतं तर ही गत, ज्यांना येत नाही त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं?

परवा तेच चित्र पुन्हा लागलंय, नव्या खात्यावरून, ८२,००० येनला. फोटो तेच पाच. पाठीचा एकही नाही.