एलएलएमच्या आधीची तयारी: तिकडचा समर कोर्स की घरूनच?

अमेरिकेत एलएलएमला (कायद्यातल्या मास्टर्सला) ॲडमिशन झालंय, ऑगस्टपर्यंत तीन-चार महिने हातात आहेत, मग जुलैमधला प्री-एलएलएम समर कोर्स घ्यायचा की घरी राहूनच तयारी करायची, असं बरेच ज्युनियर विचारतात. मी घरून केली, माझ्या रूममेटने दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत समर कोर्स केला आणि नंतर वर्षभर आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

समर कोर्सचं जे चांगलं ते आधी सांगतो. सिलॅबस घरीही वाचता येतो, पण सवय तिथेच लागते. आपल्याकडे पेपरात कलम लिहायचं, दोन जजमेंट टाकायची आणि आठवेल तेवढं सगळं लिहून मोकळं व्हायचं. तिकडे एक लांबलचक प्रसंग देतात, त्यातले मुद्दे तुम्हीच शोधायचे आणि दोन्ही पक्षांच्या बाजूने मांडायचे. वर्गातही प्रोफेसर अचानक नाव घेऊन उभं करतात, केस सांगून झाली की फॅक्ट बदलून परत विचारतात. रूममेट पहिल्या आठवड्यापासून बिनधास्त बोलायचा, मला महिनाभर तरी लागला असेल.

पण कायदा डोक्यात मुरायला वेळ लागतो आणि तो घरीच मिळतो असं मला वाटतं. कॉन्ट्रॅक्टचंच घ्या. आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमधल्या नुकसानभरपाईच्या कलम ७३ च्या मागे जी हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल (१८५४) ही इंग्लिश केस आहे तीच तिकडच्या केसबुकातही असते, म्हणून सगळं ओळखीचं वाटतं, आणि मग कन्सिडरेशनला, म्हणजे कराराच्या मोबदल्याला, गडबड होते, कारण आपल्या कलम २(डी) मध्ये प्रॉमिसरच्या (वचन देणाऱ्याच्या) सांगण्यावरून आधी केलेलं कामही चालतं आणि तिकडे असं पास्ट कन्सिडरेशन साधारणपणे चालत नाही. कोर्टांचंही तसंच. आपल्याकडे तालुक्यापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच साखळी, तिकडे स्टेट आणि फेडरल वेगवेगळी, त्यात १९३८ च्या इरी केसपासून वेगवेगळ्या स्टेटच्या लोकांमधला साधा दावा फेडरल कोर्टात आला तरी कायदा स्टेटचाच लागतो. हे मी घरी सावकाश, परत परत वाचलं. पेनचा (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचा) अमेरिकन लॉचा ऑनलाइन कोर्स कोर्सेरावर आहे, सुरुवातीला तेवढा पुरतो.

माझं ठरलं ते मात्र कागदपत्रांमुळे. मलाही समर कोर्स दुसरीकडचाच मिळत होता. म्हणजे आय-ट्वेंटी (स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आधी त्यांचा, व्हिसा इंटरव्ह्यू त्यावर, आणि कोर्स संपला की सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी सिस्टिममधली नोंद) एलएलएमच्या युनिव्हर्सिटीकडे ट्रान्सफर, ते झाल्याशिवाय तिकडचा नवा आय-ट्वेंटी निघत नाही. कोर्स जुलैत म्हणजे व्हिसाची तारीखही तेवढी आधी मिळायला हवी, आणि ती आपल्या हातात नसते. बँकेने तर लोन एलएलएमच्या ॲडमिशन लेटरवर सँक्शन केलेलं, समरची फी आणि राहण्याचा खर्च त्यात बसत नाही म्हणून सांगितलं. दोन ऑफिसं, दोन फायली, सगळे मेल तिकडच्या वेळेनुसार रात्री, आणि त्या दिवसांत एक केस धड वाचून होत नव्हती. ज्या तयारीसाठी हे चाललंय तीच राहून जातेय हे बघून मी तो नाद सोडला.

घरच्या तयारीत उणीव एकच, प्रश्न विचारणारं कोणी नसतं. त्यावर आम्ही ॲडमिशन मिळालेले तिघे जण रात्री व्हिडिओ कॉलवर बसायचो, एकाने प्रोफेसर व्हायचं, फॅक्ट बदलायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. लिहिलेली उत्तरं एका सिनियरला पाठवायचो, तो लाल करून परत द्यायचा. मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आता, ज्यांचं शिक्षण मराठी मीडियममधून झालंय आणि वर्गात इंग्रजीत उभं राहून बोलायची धास्ती वाटते, त्यांना समर कोर्सचे ते काही आठवडे खरंच मोलाचे ठरू शकतात, पैशांची सोय असेल तर त्यांना मी नको म्हणणार नाही. फक्त कोर्स शक्यतो जिथे एलएलएम आहे तिथलाच बघा, म्हणजे ट्रान्सफरचा प्रश्न येत नाही. फी भरायच्या आधी त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाकून विचारा, आय-ट्वेंटीवर सुरुवातीची तारीख समरची येणार की ऑगस्टची, कारण त्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच एन्ट्री मिळते. आणि बँकेकडून समरच्या खर्चाचं लेखी घ्या.